मॅडमचं खोगीर, साइज मीडियम

मॅडमने महिन्याभरात तिसऱ्या विद्यार्थ्याला खाली ठेवलं तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. ही मोठी गोष्ट होती. मणका सरकल्यापासून ते आमच्या घोडेस्वारीच्या शाळेत मैदानाच्या मधोमध खुर्चीत बसून, नुसत्या आवाजावर शिकवत होते.

"खाली ठेवलं" हे मी मुद्दाम म्हणतोय. मुलीची आई "फेकलं" म्हणाली, पण मी जवळून पाहत होतो. मॅडम थांबली, तिने वळून वाळूचा ढीग बघितला, चार पावलं त्या बाजूला गेली आणि मग मागचे पाय झटकले. एकोणीस वर्षांची घोडी आहे. तिला वयाचा मान आहे, आणि ती दुसऱ्याच्याही वयाचा विचार करते.

"शनिवारी भट्टीवाला येतोय," बाबा म्हणाले. "घेऊन जाईल तिला."

भट्टीवाला म्हणजे विटांच्या भट्टीचा मालक. त्याला विटांची गाडी ओढायला जनावर लागतं, आणि त्याच्याकडे गेलेलं जनावर परत कोणी पाहिलेलं नाही.

"बाबा, एकोणीस वर्षांची आहे ती. विटा ओढणार?"

"मग पोरांना ओढू दे म्हणतोस वाळूत? तीन आया झाल्या, शहाण्या. चौथी आली की शाळा बंद."

बाबा मला शहाणा म्हणतात. ते कौतुकाने म्हणत नाहीत.

मी आठ वर्षांचा असताना पहिल्यांदा मॅडमवर बसलो होतो. घाबरून तिची आयाळ दोन्ही हातांनी ओढली, डोळे मिटले आणि रडायला लागलो. तिने मला तबेल्याला एक पूर्ण फेरी मारून आणलं, आईच्या समोर थांबली आणि तशीच उभी राहिली. घाबरलेल्या माणसाशी कसं वागायचं हे मी तिच्याकडून शिकलो. तर ती शनिवारी जाणार, आणि आज सोमवार होता.

जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं होतं की घोडी ठणठणीत आहे, फक्त मानेमागच्या उंचवट्यावर सूज आहे. खोगीर तिथे दाबतंय. "खोगीर बदला," म्हणाला, आणि गेला. म्हणजे प्रश्न एका खोगिराचा होता. हा मी पाच दिवसांत सोडवू शकतो असं मला वाटलं. मला बऱ्याच गोष्टी वाटतात.

दुपारीच मी बाजारातल्या खोगिराच्या दुकानात गेलो. गावातलं ते एकच दुकान. लांब, अंधारं, आणि आत शिरलं की चामड्याचा, तेलाचा आणि मेणाचा वास एकदम अंगावर येतो. दारातच खऱ्या घोड्याच्या उंचीचा लाकडी घोडा उभा आहे, उघड्या पाठीचा, आणि त्याच्या गळ्यात पाटी: "घोडा पाहिल्याशिवाय खोगीर मिळणार नाही."

दुकान काकूंचं. सत्तरीच्या आहेत. आमची सहाही खोगिरं त्यांनीच शिवलेली. त्या जाड सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोणासाठी?"

"मॅडमसाठी. आमची घोडी."

"कुठंय?"

"घरी."

"मग तू कशाला आलास?"

मी फोन काढला. मॅडमचा फोटो दाखवला. काकूंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि बराच वेळ बघितलं.

"हा तुझा फोटो आहे," त्या म्हणाल्या.

"मागे बघा ना, काकू. मागे घोडी आहे."

"एक कान आहे. आणि एक पांढरा पाय आहे. कानाला आणि पायाला खोगीर शिवू?"

"दुसरा दाखवतो."

दुसऱ्यातही मी होतो. तिसऱ्यातही. माझ्या फोनमध्ये मॅडमचे दोनशे फोटो आहेत आणि सगळ्यांत ती माझ्या मागे काहीतरी करतेय.

"घोडी घेऊन ये," काकू म्हणाल्या. "आणि आत्ता घालताय ते खोगीरही आण. जोडा चावतो तेव्हा पाय आणि जोडा दोन्ही दाखवावे लागतात."

"काकू, भर बाजारातून घोडी आणायची? चार किलोमीटर?"

"मग काय मी येऊ? माझे गुडघे तिच्यापेक्षा म्हातारे आहेत."

मी घरी आलो आणि जे कोणीही सुज्ञ तरुण करेल ते केलं. ऑनलाइन मागवलं.

ऑनलाइन दुकानात कोणी घोडी मागत नाही. फक्त एक अर्ज असतो. वापरणाऱ्याचं नाव: मॅडम. वय: एकोणीस. रंग: तपकिरी. हा रंग खोगिराचा की मॅडमचा ते लिहिलं नव्हतं, पण दोन्हींचा एकच होता. मग मापं. पडद्यावर एक हसरी मुलगी एका हसऱ्या घोड्याच्या पोटाभोवती टेप लावत होती. मी टेप लावली तशी मॅडमने श्वास आत घेतला आणि पोट फुगवून उभी राहिली. घोडे असंच करतात. पट्टा आवळायला आलं कोणी की फुगतात, आणि माणूस गेला की बारीक होतात. मी तीन वेळा मोजलं, तीन वेगळी मापं आली, मी सरासरी काढली. अर्जाने ती घेतली आणि सांगितलं: तुमचा साइज मीडियम.

बुधवारी खोकं आलं. आणणाऱ्याने दारात विचारलं, "मॅडम आहेत का? त्यांच्या नावावर आहे."

"त्या तबेल्यात आहेत."

"काम करतात?"

"करत होत्या. सोमवारपासून बसून आहेत."

खोगीर दिसायला सुंदर होतं. शिवण सरळ, बकल चकचकीत, वास मात्र नव्या चपलेचा. मॅडमच्या पाठीवर ठेवलं. ते पाठीला नीट टेकलंच नाही. मध्येच अडून पुढे-मागे चार बोटं वर उभं राहिलं, खडकावर उलटी नाव ठेवावी तसं. मी वरून जरा दाबलं. मॅडमने लाथ मारली. अगदी हलकी, मांडीवर. पण कळेल अशी.

मी ताबडतोब ग्राहक सेवेला लिहिलं. पलीकडून लगेच उत्तर आलं. ते सगळं मी जपून ठेवलंय.

"नमस्कार! तुमची काय मदत करू?"

"खोगीर मॅडमना बसत नाही. परत घ्या."

"वाईट वाटलं. मॅडमचं वजन सांगाल का?"

"चारशे किलो."

इथे बराच वेळ तीन ठिपके नाचत होते.

"मॅडमनी उत्पादन वापरून पाहिलं का?"

"हो. आणि लाथ मारली."

"उत्पादनाला?"

"मला."

"म्हणजे उत्पादन सुस्थितीत आहे. आनंद झाला. फोटो पाठवता?"

मी फोटो पाठवला. पुन्हा ठिपके.

"फोटोत आपण दिसत आहात. उत्पादनावर केस दिसत आहेत."

"घोडीचे केस आहेत."

"केस असलेलं उत्पादन वापरलेलं समजलं जातं. ते परत घेता येत नाही. तुम्हाला आणखी काही आवडेल का? हे घेणाऱ्यांनी घोड्यांसाठीचा पावसाळी रेनकोटही पाहिला."

मी फोन ठेवून दिला. गुरुवार असाच गेला. शुक्रवारी दुकान बंद असतं. शनिवारी सकाळी सातला मी मॅडमला मोहरकी बांधली आणि निघालो. मोहरकी म्हणजे तोंडाभोवतीची दोरी. तिला खोगीर घालता येत नव्हतं, म्हणून तिचं जुनं खोगीर मी माझ्या खांद्यावर घेतलं, आणि नवं, परत न जाणारं, दुसऱ्या खांद्यावर. मॅडम मोकळी, मजेत, मागून. भट्टीवाला अकराला येणार होता.

बाजारात सगळे आधीच जागे होते.

"काय रे, कोण कोणावर बसणार आहे?" भाजीवाली ओरडली.

"ठरायचंय अजून," मी म्हणालो.

"अति शहाणा, त्याची घोडी रिकामी!" चहावाला म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर इतका हसला की चहा उतू गेला. चहा उतू गेल्याचं मला समाधान मिळालं.

एका दुचाकीवाल्याने भोंगा वाजवला. मॅडमने वळून त्याच्याकडे असं बघितलं की त्याने गाडी बंद केली आणि ढकलत नेली.

काकू दारातच उभ्या होत्या. मला नाही, मॅडमला म्हणाल्या, "या." मग तिच्या पाठीवरून दोन्ही तळवे फिरवत गेल्या, मानेपासून शेपटीपर्यंत, डोळे मिटून. सुजेवर हात आला तशी मॅडमने कातडी थरथरवली. काकू थांबल्या. मग खाली बघितलं.

"हिचा डावा पाय पांढरा आहे," त्या म्हणाल्या.

"हो. पहिल्यापासून."

"फोटोत उजवा होता."

मी फोन काढला. फोटोत उजवा होता. मी पायाकडे बघितलं. डावा होता. पुन्हा फोनकडे बघितलं.

"तुझ्या शर्टावरची अक्षरंसुद्धा उलटी आहेत बघ फोटोत," काकू म्हणाल्या. "हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. तुझा फोन म्हणजे आरसाच झालाय. उजव्याचं डावं करतो."

"हो, समोरचा कॅमेरा असला की होतं तसं. सेटिंग असतं, बदलायचं राहिलंय. त्याने काय बिघडतं?"

"मला काय माहीत? आण ते खोगीर."

त्यांनी माझ्या खांद्यावरचं जुनं खोगीर घेतलं, टेबलावर उलटं केलं, बाजूची झडप उचलली आणि आतल्या शिवणीवर अंगठा फिरवला.

"हे मी शिवलंय," त्या म्हणाल्या. "पण हिच्यासाठी नाही. तुमच्याकडे तो एक आहे ना, कपाटासारखा?"

"कपाट. त्याचं नावच कपाट आहे."

"हे त्याचं. रुंद आहे. हिच्या पाठीवर रुंद खोगीर घातलं की ते खाली बसतं आणि हाडावर टेकतं. मीही लाथ मारली असती."

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. स्टूल नव्हतं, मेणाचा डबा होता, पण मी बसलो. कारण मला सगळं एकदम दिसलं.

आमच्या तबेल्यात सहा घोडे आहेत, सहा कप्प्यांत. पहिल्यात मॅडम, मग जावई, जो जेवणाच्या वेळेशिवाय हलत नाही. मग डावा आणि उजवा, सख्खे भाऊ, कोण कोणत्या बाजूला उभा राहतो त्यावरून ओळखायचे. मग पोस्टमन, जो प्रत्येक फाटकासमोर थांबतो. शेवटी कपाट. समोरच्या भिंतीवर सहा खुंट्या, त्याच क्रमाने सहा खोगिरं. घोड्यांचं सगळं बघणारे काका मुलीच्या बाळंतपणाला गेले, तेव्हा मी म्हणालो, चला, त्यांच्या मागे भिंतीला चुना लावून टाकू. खोगिरं उतरवण्याआधी क्रम विसरू नये म्हणून मी फोटो काढला. हे मला फार हुशारीचं वाटलं होतं. भिंत सुकल्यावर मी फोटो बघून सहाच्या सहा खोगिरं परत टांगली. फोटोत अर्थातच पुढे मी होतो, अंगठा वर करून.

पहिलं सहावं झालं, दुसरं पाचवं, तिसरं चौथं. महिनाभर सहा घोडे एकमेकांचे कपडे घालून फिरत होते.

"काकू," मी म्हणालो, "मला कळलं पण होतं. पट्ट्यांची भोकं जुळेनात. कपाटाला दोन भोकं कमी पडत होती."

"मग?"

"मला वाटलं तो जाडा झाला. मी त्याचा खुराक कमी केला."

काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"आणि जावई बारीक झाला असं वाटलं, म्हणून त्याला दुप्पट."

"जावयाला आवडलं असेल," काकू म्हणाल्या. मग फळीवरून जाड नमद्याचा तुकडा काढला. नमदा म्हणजे खोगिराखाली घालतात ते लोकरीचं दाबलेलं कापड. सूज कुठे आहे ते बोटाने पुन्हा चाचपलं आणि बरोबर तेवढ्या जागी कात्रीने भोक पाडलं. "नवं खोगीर लागत नाही. हा घे. आठ दिवस कोणी बसायचं नाही. नंतर तिचं स्वतःचं खोगीर, हे खाली घालून."

"एवढंच?"

"मग काय, आणखी काहीतरी गळ्यात मारू? ते कुणीतरी आधीच मारलंय," आणि माझ्या दुसऱ्या खांद्याकडे बोट दाखवलं. मी ते चकचकीत ओझं टेकायला जागा शोधत होतो. दाराशी जो पहिला आला त्या लाकडी घोड्याच्या पाठीवर ते ठेवलं.

ते बसलं. पुढे, मागे, दोन्ही बाजूंनी, एक केसभर फट नाही. काकूंनी वाकून चारी बाजूंनी बघितलं, खालून बोट घालायचा प्रयत्न केला. बोट गेलं नाही.

"चाळीस वर्षांत," त्या हळूच म्हणाल्या, "याला बसेल असं खोगीर मला शिवता आलं नाही."

ते तिथेच राहिलं.

परत येताना माझ्याकडे चार किलोमीटर होते आणि खोटं बोलायला ते पुरेसे होते. मी तीन तयार केली. एक: काकूंनी खोगीर दुरुस्त केलं. दोन: सूज आपोआप उतरतेय. तीन: उंदीर, ज्याने खुंट्यांवर काहीतरी केलं. पण प्रत्येक वेळी घोडं एकाच जागी अडत होतं. बाबांसमोर मॅडमच्या पाठीवर जे खोगीर ठेवायचं ते सहाव्या खुंटीवरून काढावं लागणार होतं, आणि ते सगळे बघणार होते. शिवाय कपाट अजून उपाशी होता. खोट्याने मॅडम वाचली असती कदाचित, पण बाकीच्या पाच जणांनी कुठे जायचं?

अकराला दहा कमी होते. भट्टीवाला आलेला होता. फाटकाशी त्याचा ट्रक, मागची फळी खाली टाकलेली. बाबा खुर्चीत. बाजूला रविवारच्या वर्गाची चौकशी करायला आलेल्या दोन आया, म्हणजे साक्षीदारसुद्धा होते.

"कुठे होतास?" बाबा म्हणाले. "हे केव्हाचे थांबलेत."

भट्टीवाल्याने मॅडमचा ओठ वर करून दात बघितले. "म्हातारी आहे," म्हणाला. "पण ओढेल एखादं वर्ष." हे त्याने दुष्टपणे नाही म्हटलं. टायरबद्दल बोलावं तसं म्हटलं. आणि मोहरकीला हात घातला.

मॅडम काहीच करत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी आठ वर्षांचा असताना बघितलं होतं तसंच, थांबून.

"बाबा, चूक मॅडमची नाही," मी म्हणालो. "माझी आहे."

"ते मला माहीत आहे. पण कोणती?"

मी सांगितलं. फोटो, चुना, खुंट्या, सगळं. मध्ये दोनदा भट्टीवाला "म्हणजे?" म्हणाला आणि एका आईने त्याला समजावून सांगितलं. शेवटी मी कपाटाच्या खुराकाचंही सांगितलं, कारण आता थांबण्यात अर्थ नव्हता.

बाबांनी वळून तबेल्याकडे बघितलं.

"म्हणजे महिनाभर सहाही चुकीच्या खोगिरात होते."

"हो."

"आणि पाच जण काही बोलले नाहीत."

"हो."

"आणि जी एकटी बोलली तिला मी विकत होतो."

याला मी हो म्हणालो नाही. कधीकधी मलाही कळतं.

"आण सहाव्यावरचं," बाबा म्हणाले.

मी आणलं. खोगीर हातात घेऊन कोणी आलं की मॅडम महिनाभर कान मागे पाडायची, दात दाखवायची. आता तिने नाक पुढे करून वास घेतला. मी भोक पाडलेला नमदा टाकला, त्यावर खोगीर हळूच सोडलं. पट्टा आवळायला घेतला तशी ती सवयीने फुगली. मग, माझी खात्री आहे, तिला काहीतरी आठवलं. तिने एक लांब श्वास सोडला, बारीक झाली, मान खाली घातली आणि एक मागचा पाय सैल सोडून उभी राहिली. पट्टा जुन्या भोकात बसला. त्या भोकाभोवती चामडं वर्षानुवर्षं झिजून गोल झालेलं होतं.

"झोपली की काय?" एक आई म्हणाली.

बाबा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले. आठवड्यात दुसऱ्यांदा. चालत आले आणि भट्टीवाल्याच्या हातातून दोरी काढून घेतली.

"माफ करा. ही द्यायची नाही."

"अहो, मला खोगीर नकोच आहे," भट्टीवाला म्हणाला. "मला गाडीला हवीय. मला फरक पडत नाही."

"मला पडतो."

"मी ट्रक घेऊन आलोय! रिकामा जाऊ?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग ट्रककडे. मग परत माझ्याकडे, आणि जरा जास्तच वेळ. "याला नेता का? ओढायला मजबूत आहे. डोक्याचं काम देऊ नका फक्त."

भट्टीवाल्याने खरंच विचार केला. मला वर-खाली बघितलं. मग "नको," म्हणाला, आणि फळी वर करून निघून गेला. दातही बघितले नाहीत याचं मला वाईट वाटलं.

आठ दिवस मॅडमवर कोणी बसलं नाही. नवव्या दिवशी बाबांनी मला बसवलं. वाळूच्या ढिगाजवळून जाताना ती थांबली, तिने ढीग बघितला, मान वळवून मला बघितलं आणि पुढे गेली. फेरी पूर्ण करून बाबांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. पडलेल्या तिन्ही मुलांना बाबांनी स्वतः फोन करून बोलावलं. दोघं आले. तिसरीची आई म्हणाली, बघू.

काका परतल्यावर त्यांनी प्रत्येक खुंटीखाली ठळक अक्षरांत नावं रंगवली. मॅडम, जावई, डावा, उजवा, पोस्टमन, कपाट. बाबांनी शेवटी एक सातवी खुंटी ठोकायला लावली आणि तिच्याखाली "शहाणा" लिहून घेतलं. तिच्यावर लीद उचलायचं फावडं असतं. कपाटाचं वजन भरेपर्यंत ते माझं आहे, आणि कपाट सावकाश खातो.

ऑनलाइन दुकानातून अजून रोज निरोप येतो: "मॅडम, तुमचा अनुभव कसा होता?" मी बरेच दिवस टाळलं. काल फावडं टेकवून ठेवलं आणि लिहिलं. पाच पैकी पाच तारे दिले, कारण खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलंय.

"खोगीर अतिशय उत्तम बसतं. घोडा मात्र लाकडी हवा."